घाटात कॅमेरा घेऊन निवांत दिवस: जमतं का कुणाला?

सेकंडगिअर (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण मागची कथा सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. त्यामुळे पाल्हाळ सहन करा.

गेल्या शनिवारी आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आठवीतली लेक आणि बाबा, पुण्याहून भोरमार्गे वरंध घाट उतरून शिवथरघळीला गेलो होतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, २००३ ला निवृत्त झाले. त्यातली अकरा वर्षं भोर-महाड. तो घाट एकदा मागच्या सीटवर बसून बघायचा, असं बरीच वर्षं त्यांच्या मनात होतं. "घाट चालवणाऱ्याला घाट दिसत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

मी म्हटलं, या दिवसाची पंधरा मिनिटांची झकास फिल्म करू. डॅशबोर्डवर ॲक्शन कॅमेरा, हातात दुसरा कॅमेरा, खिशात फोन, आणि वहीत चौदा शॉटची यादी. तिथेच माती खाल्ली. नेकलेस पॉइंटला थांबा, नीरा-देवघरच्या पाण्याकडेला थांबा, हिरडोशीच्या पुढे थांबा. "बाबा, परत एकदा गाडीतून उतरा, मी समोरून घेतो." असं तीन वेळा उतरवलं त्यांना. लेकीनं कानात हेडफोन घातले ते काढलेच नाहीत. बायको काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

डॅशबोर्डचा कॅमेरा साडेसहाला चालू केला होता, चार्जरला जोडून. अकराच्या सुमारास, म्हणजे घाटातली खरी वळणं सुरू व्हायच्या बेतात, १२८ जीबीचं कार्ड भरलं. घरी येऊन बघितलं तर साडेचार तासांचं फुटेज, आणि त्यात अर्धा वेळ वायपर. हातातल्या कॅमेऱ्यात बाबांचं डोकं, तेही मागून.

अख्ख्या दिवसात बघण्यासारखे चाळीस सेकंद आहेत. ते लेकीच्या फोनवरचे. वाघजाईच्या देवळाजवळ भज्यांच्या टपरीवर बाबा सांगतायत की एका रात्री धुकं इतकं होतं की बोनेट दिसेना, तर कंडक्टर बॅटरी घेऊन गाडीपुढे चालत गेला, वळण ते वळण. प्रत्येक वळणाला थांबून बॅटरी दोनदा हलवायचा, मग बाबा गाडी पुढे घ्यायचे. फुटेज हलतंय, बाजूला कढईचा आवाज, आणि "मग काय झालं?" असं विचारताना लेकीचाच अंगठा लेन्सवर.

तर, दिवसभर शूटिंगही करायचं आणि दिवस निवांतही जायचा, हे कुणाला जमलंय का? जमलं असेल तर कसं? कृपया कॅमेऱ्यांची मॉडेलं सांगू नका. वेळ कसा लावता ते सांगा.

---

अर्धवट

पहिला! आता धागा वाचतो.

---

मोरावळा

वाचून वाईट वाटलं, कारण मीही यातून गेलोय. फक्त माझ्या वेळी माळशेज होता आणि वहीत बावीस शॉट होते.

आता माझा नियम एकच. दिवसाला तीन थांबे आणि प्रत्येक थांबा तासाभराचा. तासाभराचा म्हणजे खरोखर तास, गाडी बंद, सतरंजी बाहेर. पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच. तोवर घरचे चहा पितात, इकडेतिकडे फिरतात, कॅमेऱ्याला विसरतात. आपल्यालाही कळतं की इथं बघण्यासारखं नक्की काय आहे. बहुतेक वेळा आपण जे घ्यायला थांबलो ते नसतंच.

दुसरं, उजेड. सह्याद्रीची कोकणाकडची भिंत पश्चिमेला तोंड करून उभी आहे. तुम्ही अकरा वाजता वरंधला पोचलात, म्हणजे कडे सावलीत आणि आभाळ पांढरंफटक. कितीही भारी कॅमेरा असला तरी चित्र मळकटच येणार. ऑक्टोबरात तेच कडे दुपारी चार ते सव्वासहा बघा. सकाळचा वेळ नीरा-देवघरच्या पाण्यावर घालवायचा, दुपारी जेवून डुलकी काढायची आणि घाट उतरायला साडेतीनला सुरुवात करायची. आपोआप निवांत होतं, कारण मधल्या वेळात शूट करण्यासारखं काही नसतंच!

फक्त घाट उजेडात संपवायचा. परतीचा मुक्काम महाडला किंवा घळीजवळ. त्याच दिवशी पुण्याला परतायचा हट्ट असेल तर हे गणित जमत नाही.

---

पिंपळपान

मोरावळा यांच्याशी सहमत, पण पहाट सोडू नका. पावसाळा सरता सरता खाली कोकणात धुकं साचतं आणि घाटमाथ्यावरून बघितलं तर दरी दुधानं भरल्यासारखी दिसते. ऊन चढलं की तासाभरात ते वर चढू लागतं. ट्रायपॉड लावायचा, दर तीन सेकंदाला एक फोटो, बस. दहा सेकंदांच्या क्लिपला, सेकंदाला २५ फोटोंच्या गतीनं, अडीचशे फोटो लागतात, म्हणजे साडेबारा मिनिटं. त्या साडेबारा मिनिटांत आपण कॅमेऱ्याला हातही लावू शकत नाही. सक्तीचा आराम. मी तर टाइमलॅप्स एवढ्यासाठीच करतो.

---

खट्याळ_काकू

साडेबारा मिनिटं आराम मिळावा म्हणून पहाटे चारला उठायचं? तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

सेकंडगिअर, लेकीचे हेडफोन समजू शकते मी. वळणावळणाच्या रस्त्यावर फोनच्या पडद्यात बघत शूट करायचं म्हणजे हमखास गाडी लागते. आमच्याकडे एकदा भाचीनं आंबेनळी घाटात पोलादपूरपर्यंत पूर्ण व्हिडिओ काढला. शेवटच्या मिनिटात काय आहे ते सांगत नाही. आवळासुपारी जवळ ठेवा, आणि चालत्या गाडीत शूट करणाऱ्याला पुढेच बसवा.

आणि एक महत्त्वाचं, जे पुरुषमंडळी कधीच यादीत लिहीत नाहीत. भोर सोडलं की बायकांची सोय कुठे आहे हे आधी ठरवून ठेवा. तास-तासाचे थांबे झाडाखाली घेणं तुम्हाला सोपं आहे हो.

---

महाडचा_मी

थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

आम्ही याच रस्त्यानं ये-जा करतो. सुट्टीच्या दिवशी दर दुसऱ्या वळणावर एक गाडी उभी, दार रस्त्याच्या बाजूला उघडं, आणि एक माणूस पाठमोरा मागे मागे चालत व्हिडिओ काढतोय. दीड गाडीचा रस्ता. त्यात वरून दुधाचा टेम्पो आला की सगळे एकमेकांकडे बघत उभे. 'निवांत' कुणाचा आणि खोळंबा कुणाचा, हेही बघा.

वळणाच्या आत आणि वळण संपताच पन्नास पावलं, तिथं कधीच थांबू नका. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा नुसता रिवाज नाही, नियमात आहे. उतरताना, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. हे धागाकर्त्याच्या बाबांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी. न्यूट्रलला टाकून उतरणारे महाभाग अजून भेटतात.

आणि पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का ते भोर किंवा महाडमध्ये कुणाला तरी विचारा. दरड आली किंवा रस्ता खचला की बंद करतात, जड वाहनांना तर कित्येकदा आधीच बंदी असते. इंटरनेटवरचा नकाशा खुशाल निळी रेघ दाखवत राहतो.

---

सेकंडगिअर

महाडचा_मी, राग कसला. बाबा दिवसभर मला हेच ऐकवत होते. एका ठिकाणी मी गाडी लावली तर ते खालीच उतरेनात. "ही जागा गाडी लावायची नाही" एवढं म्हणून काच वर केली.

---

दगडोबा

एवढा वरंध घाट झाला आणि कावळ्या किल्ल्याचं नाव कुणी काढलं नाही याचं नवल वाटतं.

घाटात जिथं वाघजाईचं देऊळ आणि भज्यांच्या टपऱ्या आहेत, तिथं तुम्ही कावळ्या किल्ल्याच्या पोटातच उभे असता. गाडीरस्त्यानं किल्ल्याचे दोन तुकडे केलेत. देवळापासून वर गेलं की कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. माणसं तिथं माकडांना बिस्किटं घालतात, भजी खातात, दरीचा व्हिडिओ काढतात आणि निघून जातात. पायाखाली किल्ला आहे हे माहीतही नसतं. दहा मिनिटं वर चढून टाकी बघा, त्यापेक्षा चांगला शॉट नाही. पाण्यात आभाळ दिसतं.

शिवथरघळही बहुतेक लोक धबधबा म्हणूनच शूट करतात. दासबोधाचं लेखन इथं झालं अशी परंपरा. मधली कित्येक वर्षं जागा विस्मरणात गेली होती, ती धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये शोधून काढली. घळीच्या आत बसून बाहेर बघितलं की पाण्याचा पडदा समोर असतो. व्हिडिओत तो नुसता पांढरा येतो, हेही सांगून ठेवतो.

---

बोरकूट

वरंध की वरंधा? आमच्या भोरकडे सगळे वरंधाच म्हणतात.

---

दगडोबा

गावाचं नाव वरंध. त्यावरून घाट.

---

बोरकूट

बोलीत वरंधा. भज्यांच्या टपरीवर विचारा.

---

अर्धवट

झालं. आता तीस प्रतिसाद यावरच. मी भजी आणतो.

---

आवाजवेडा

सगळे चित्रावर बोलतायत. सेकंडगिअर, तुमचे ते चाळीस सेकंद चांगले का आहेत माहितीय? कढईमुळे. भजी तेलात सोडल्याचा आवाज, त्यावर बाबांचा आवाज. डोळे मिटून ऐकलं तरी माणूस तिथं पोचतो.

माझी पद्धत सांगतो. चित्र काढायचंच नाही असा अर्धा तास ठेवतो. फोन खिशातून काढून दगडावर ठेवायचा, फक्त आवाज टेपायचा. वारा असेल तर माइकवर ती केसाळ टोपी लावायची. नसेल तर फोन टोपलीत ठेवून वर पंचा टाका, बराच फरक पडतो. लांबून येणारी एसटी, तिचा दुसऱ्या गिअरचा सूर, मग वळणाआडून हॉर्न, मग बराच वेळ नुसत्या रातकिड्यांचा आवाज. नंतर घरी याच्यावर कुठलंही ओबडधोबड चित्र लावा, चालून जातं. उलटं कधीच होत नाही. सुंदर चित्र आणि वाऱ्याची भर्र-भर्र, हे दोन मिनिटंही कुणी बघत नाही.

शिवाय आवाज टेपताना सगळ्यांनी गप्प बसायचं असतं. घरातल्या घरात अर्धा तास शांतता कधी मिळते?

---

खट्याळ_काकू

आवाजवेडा, हा प्रयोग आमच्याकडे अडीच मिनिटं टिकला.

---

निळी_छत्री

नमस्कार. मी धागाकर्त्याची बायको. माझाही इथं आयडी आहे, हे ते विसरलेले दिसतात.

बाबांना तीन वेळा नाही, पाच वेळा उतरवलं. शेवटच्या वेळी ते म्हणाले, "सर्व्हिसमध्येसुद्धा इतक्या वेळा खाली उतरलो नव्हतो." हे वाक्य कुठल्याच कॅमेऱ्यात नाही, कारण त्या वेळी हे लेन्स पुसत होते. एसीतून बाहेर दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर बाष्प धरतं. पहिल्या चार थांब्यांवर हेच झालं. मी नेकलेस पॉइंटलाच सांगितलं होतं, की एसी बंद करा, काचा उघड्या ठेवा. पण आमचं कोण ऐकतो.

दुसरं, वहीतले शॉट चौदा नव्हते, एकोणीस होते.

---

अर्धवट

वहिनी आल्या!! पळा!

---

मोरावळा

वहिनी, बाष्पाचं एकदम बरोबर. कॅमेरा एसीत बाहेर ठेवायचाच नाही, बंद बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचा. बॅग बाहेर न्यायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी उघडायची. हीच ती माझी पहिली वीस मिनिटं. म्हणजे नियम तत्त्वज्ञानाचा नव्हताच, बाष्पाचा होता, हे कबूल करतो.

---

चाकावरचा_चहा

मी बाइकवाला. आमचं दुखणं वेगळं. हँडलला फोन लावून दोन पावसाळे घाट शूट केले, तिसऱ्या वर्षी फोनचा कॅमेरा स्थिरच होईना, चित्र सारखं थरथरतं. इंजिनाच्या कंपनानं आतली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा फोनवाल्यांनी स्वतःच दिलेला आहे. मला तो दुरुस्तीच्या काउंटरवर कळला. तेव्हा बाइकला ॲक्शन कॅमेराच, तोही हेल्मेटला हनुवटीजवळ. हँडलपेक्षा अंगावर कंपन कमी बसतं.

आणि उजेडात शटर फार वेगानं चालतं, त्यामुळे चाललेला रस्ता तुकड्या-तुकड्यांत पळतो. २५ च्या गतीला शटर १/५० सेकंदाच्या आसपास राहील असं बघा. त्यासाठी लेन्सवर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर लावावा लागतो. ओल्या कातळाची चमक मारायला पोलरायझर. बास, याहून जास्त सामान नको.

---

नवखा_पायलट

ड्रोन चालेल का घाटात? २५० ग्रॅमच्या आतला आहे.

---

मोरावळा

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो, हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण याचा अर्थ कुठंही उडवा असा नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा, तिथंही १२० मीटरच्या वर नाही. अभयारण्यात तर वनखात्याला विचारल्याशिवाय नकोच. ताम्हिणीकडे जाणारे हे सोयीस्कर विसरतात.

---

दगडोबा

नियम राहू द्या बाजूला, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. ड्रोन त्यांच्या जवळून नेलात तर त्या माश्या ड्रोनला नाही, तुम्हाला आणि खाली भजी खाणाऱ्यांना शोधत येतात. मी एकदा गडावर हे प्रत्यक्ष बघितलंय. ड्रोन कुणाचा दुसऱ्याचाच होता, सूज माझ्या तोंडावर होती.

---

डेन्वरकर

इकडे कोलोरॅडोमध्ये सिल्व्हरटन ते उरे हा ५५० नंबरचा हायवे आहे, 'मिलियन डॉलर हायवे' म्हणतात. बऱ्याच भागात दरीच्या बाजूला कठडाच नाही. गेल्या वर्षी आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना नेलं. आई सगळा वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती आणि मी तिचा व्हिडिओ काढत होतो. तीच फिल्म घरात सगळ्यात जास्त वेळा बघितली गेलीय, डोंगर एकही दिसत नाही त्यात.

मुद्दा असा की तिथं ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घ्यायला जागा केलेल्या आहेत. थांबायचं तर तिथंच. त्यामुळे कुठं थांबायचं याचा वाद गाडीत होत नाही. आपल्या घाटांमध्ये असे रुंद कोपरे बांधले तर महाडचा_मी यांची तक्रार निम्मी मिटेल.

---

महाडचा_मी

बांधले तर तिथं टपऱ्या येतील.

---

बोरकूट

मग तर फारच उत्तम.

---

जुनाजाणता

मी या सगळ्याच्या विरोधात आहे, हे नोंदवून ठेवतो. जिथं जावं तिथं कॅमेरा कशाला? आमच्या लहानपणी वडील वर्षातून एकदा घाटातून गावी न्यायचे. एकही फोटो नाही, तरी प्रत्येक वळण आठवतं. खिडकीत बसायला मिळावं म्हणून भावाशी झालेली मारामारीही आठवते. आता मुलांना विचारा काय बघितलं, म्हणतात थांबा, व्हिडिओ दाखवतो.

---

आवाजवेडा

जुनाजाणता, आठवतं ते तुम्हाला. तुमच्या वडिलांचा त्या प्रवासातला आवाज आता ऐकावासा वाटत नाही का?

---

जुनाजाणता

वाटतो.

---

पिंपळपान

सेकंडगिअर, अवांतर झालं तरी विचारतो. तुमच्या बाबांच्या त्या आठवणी लिहून काढल्यात का? त्या काळातल्या एसटीला पॉवर स्टिअरिंग नाही. गिअर टाकताना डबल डिक्लच करावं लागायचं, म्हणजे एकदा क्लच दाबून न्यूट्रल, सोडून रेस, परत क्लच आणि मग खालचा गिअर. हे चढावर, वळणात, पन्नास माणसं घेऊन. याच्यावरच एक फिल्म होईल.

---

सेकंडगिअर

होय, तोच विचार चाललाय. बाबा अजूनही डाव्या पायानं करतात ते, मागच्या सीटवर बसल्या बसल्या. मला आरशात गुडघा हलताना दिसायचा. मी म्हटलं, पाय दुखतोय का? म्हणाले, "तू चुकीच्या जागी गिअर टाकतोस."

(तेव्हा कॅमेरा कुठं होता, विचारू नका.)

---

अर्धवट

निळी_छत्री यांना विनंती: पुढच्या वेळी वही लपवून ठेवणे.

---

निळी_छत्री

अर्धवट, नोंद घेतली आहे.

---

*(साधारण तीन आठवड्यांनी)*

सेकंडगिअर

धागा वर काढतोय. परत जाऊन आलो. या वेळी फक्त मी आणि बाबा. वही घरी सापडली नाही. का, ते आता कळलं.

मोरावळा यांचं ऐकून दोनच थांबे धरले. सकाळी नीरा-देवघरच्या काठाला, दुपारनंतर वाघजाई. मुक्काम महाडला. एसी बंद, काचा खाली. भाताची कापणी सुरू झालीय, रस्त्याच्या कडेला पेंढ्या पडल्यात, तो वास गाडीत भरला होता. धरणाच्या काठाला ट्रायपॉड लावून पिंपळपान यांचे अडीचशे फोटो घेतले. त्या साडेबारा मिनिटांत बाबांनी डबा उघडून मेथीचे दोन ठेपले संपवले आणि मला एकच ठेवला.

पण खरी गंमत पुढची. हिरडोशी गेल्यावर मी डॅशबोर्डचा कॅमेरा लावायला लागलो तर म्हणाले, "आण तो फोन इकडे. मी काढतो. तू रस्त्याकडे बघ." फोन त्यांना दिला आणि गाडी चालवली. वाघजाईला थांबलो, भजी सांगितली, खाली उतरून माझेरीपर्यंत गेलो. मध्ये काय काढलं ते बघितलं नाही, विचारलंही नाही.

रात्री महाडला लॉजवर बसून बघितलं. बावीस मिनिटं. त्यात एकही डोंगर नाही. दरी नाही, धबधबा नाही, ढग नाहीत. सगळा वेळ फक्त रस्ता, तोही डावी कड. डांबर संपतं तिथली माती. कठड्याचा एक-एक दगड. एक मोरी, तिच्यावर फोन बराच वेळ स्थिर. एका वळणाच्या आधी उजवीकडच्या पिंपरणीचं खोड, तिथून समोरची गाडी सगळ्यात आधी दिसते म्हणे. आणि प्रत्येक वळण यायच्या तीन-चार सेकंद आधी फोनमागून त्यांचा हलका आवाज, "हॉर्न." मग माझा हॉर्न. मग पुढचं वळण, "हॉर्न." मी गाडी चालवताना तो ऐकत होतो, मला वाटलं मला सांगतायत. फुटेज बघितल्यावर वाटलं, स्वतःशीच बोलत असावेत.

मोरीबद्दल विचारलं. म्हणाले, "धुक्याच्या रात्री कंडक्टर इथं बसला होता. पाय भरून आले म्हणाला. आम्ही दोघांनी इथं विडी ओढली, मग पुढं निघालो." पॅसेंजर झोपलेले होते, कुणाला पत्ताच नव्हता.

ही बावीस मिनिटं मी कापणार नाही. आवाजवेडा, वाऱ्याची भर्र-भर्र आहे, पण "हॉर्न" स्पष्ट ऐकू येतंय.

---

आवाजवेडा

भर्र-भर्र असू दे. तिला हात लावू नका.

---

जुनाजाणता

विरोध मागे घेतो. एवढ्यापुरता.

---

महाडचा_मी

मोरी कुठली, वरून चौथ्या वळणाची का? कठडा एका बाजूनं तुटलेली? असली तर मला माहितीय ती. कुणीतरी तिच्यावर खडूनं पाहुण्यांचं गाव आणि बाण काढून ठेवलाय.

---

सेकंडगिअर

खडू आहे खरा, बाबांच्या फुटेजमध्ये दिसतोय. वळण कितवं ते त्यांनाच विचारतो, मला मोजता आलं नाही.

---

नवखा_पायलट

लिंक?

---

सेकंडगिअर

बाबा म्हणतात आधी गावातल्या त्यांच्या दोन जोडीदारांना दाखवायची. मग बघू.

---

बोरकूट

टपरीवाल्याला विचारलंत का, वरंध की वरंधा?

---

सेकंडगिअर

विचारलं. म्हणाला, "तुम्ही कांदा घेणार की बटाटा?"

---

खट्याळ_काकू

आणि काय घेतलंत?

---

सेकंडगिअर

कांदा. दोन प्लेट. पैसे बाबांनी दिले.